हैनानचे अकरा दिवस : एप्रिल २००१ मधील विमानांची टक्कर आणि अमेरिका-चीन पेचप्रसंग

दोन बड्या सत्तांमध्ये संघर्ष कसा पेटू शकेल याची चर्चा बहुधा राष्ट्रप्रमुखांच्या हेतूंभोवती, क्षेपणास्त्रांच्या संख्येभोवती आणि तैवानसारख्या जुन्या वादांभोवती फिरते. १ एप्रिल २००१ रोजी दक्षिण चीन समुद्रावर, चीनच्या हैनान बेटाजवळ, जे घडले ते या सगळ्याच्या बऱ्याच खालच्या थरात घडले. त्या दिवशी वॉशिंग्टनने किंवा बीजिंगने काहीही वेगळे करण्याचा आदेश दिलेला नव्हता. अमेरिकेचे टेहळणी विमान नेहमीच्या फेरीवर निघाले होते आणि चीनची लढाऊ विमाने नेहमीप्रमाणे त्याला सामोरी गेली होती. तरीही एका चिनी वैमानिकाचा जीव गेला, चोवीस अमेरिकी अकरा दिवस चीनमध्ये अडकून पडले आणि दोन अण्वस्त्रधारी देशांना परस्परांशी बोलण्यासाठी शब्द सापडेनासे झाले.

हे प्रकरण शेवटी शांततेने मिटले, म्हणून ते अनेकदा राजनैतिक यशाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. त्या यशाचे मोल मी नाकारत नाही. मात्र सर्व घटनाक्रम नीट पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की खरा धोका टकरीपेक्षा टकरीनंतरच्या पहिल्या दीड दिवसात होता, कारण नेमके काय घडले हे कोणत्याही राजधानीला कळण्याआधीच दोघांनीही आपापल्या भूमिका जाहीर करून टाकल्या होत्या. त्यातून वाट काढणारे अमेरिकेचे पत्र कौशल्याने लिहिले गेले, पण ज्या वादामुळे ती दोन विमाने एकमेकांजवळ आली, तो वाद त्या पत्राने बाजूला ठेवला आणि तो आजही तिथेच आहे.

आधीची दोन वर्षे

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका आणि चीन यांच्या संबंधांत एक विचित्र दुभंग होता. व्यापार वाढत होता, चीनला जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश हवा होता आणि अमेरिकी उद्योगांना चिनी बाजारपेठ हवी होती. दुसरीकडे अविश्वासही तेवढ्याच वेगाने साचत होता. ७ मे १९९९ रोजी युगोस्लाव्हियावरील हवाई मोहिमेत अमेरिकी बॉम्ब बेलग्रेडमधील चिनी दूतावासावर पडले आणि तीन चिनी पत्रकार मारले गेले. जुन्या नकाशामुळे लक्ष्य चुकले, असा खुलासा अमेरिकेने केला आणि अध्यक्ष क्लिंटन यांनी माफीही मागितली, परंतु चीनमध्ये त्या खुलाशावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. बीजिंगमधील अमेरिकी दूतावासावर विद्यार्थ्यांचे मोर्चे गेले, दगडफेक झाली आणि सरकारने ती काही काळ होऊ दिली. दोन वर्षांनंतर हैनानचा प्रश्न उभा राहिला तेव्हा चिनी नेतृत्वाच्या आणि जनतेच्या मनात ही आठवण ताजी होती.

जॉर्ज बुश यांनी जानेवारी २००१ मध्ये सूत्रे हाती घेतली होती. निवडणूक प्रचारात त्यांनी चीनचा उल्लेख 'सामरिक प्रतिस्पर्धी' असा केला होता. तैवानला कोणती शस्त्रे विकायची याचा निर्णय त्याच एप्रिलमध्ये व्हायचा होता. बीजिंगला २००८ चे ऑलिंपिक हवे होते आणि त्याचा निकाल जुलैमध्ये लागणार होता. थोडक्यात, दोन्ही बाजूंना गमावण्यासारखे पुष्कळ होते आणि दोन्ही बाजूंच्या कडव्या गटांना समोरच्याची परीक्षा पाहण्याची घाईही होती.

समुद्रावरचे चित्र याहून सरळ होते. चिनी किनाऱ्यालगत, पण प्रादेशिक समुद्राच्या बाहेरून, अमेरिकी टेहळणी विमाने नियमितपणे उडत आणि रडार, संदेशवहन व नौदलाच्या हालचाली यांची माहिती टिपत. चिनी लढाऊ विमाने त्यांच्याजवळ येऊन काही काळ सोबत उडत आणि परतत. २००० च्या अखेरीपासून ही सोबत धोकादायक होऊ लागली. अमेरिकेने त्या डिसेंबरात चीनकडे त्याबद्दल निषेधही नोंदवला होता. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी नंतर दिलेल्या आकड्यांनुसार, टकरीच्या आधीच्या काही महिन्यांत अशी ४४ अडवणूक-उड्डाणे झाली होती; त्यांपैकी सहांमध्ये चिनी विमान तीस फुटांच्या आत आले होते आणि दोनांमध्ये दहा फुटांच्या आत. दहा फूट म्हणजे जेमतेम दोन माणसांच्या उंचीएवढे अंतर. पूर्वसूचना मिळाली नव्हती, असे कोणालाच म्हणता येणार नव्हते.

टक्कर

त्या रविवारी पहाटे अमेरिकी नौदलाचे ईपी-३ई जातीचे विमान ओकिनावा बेटावरील कादेना तळावरून निघाले. चार पंख्यांच्या इंजिनांचे हे मंद, अवजड विमान म्हणजे उडणारे श्रवणकेंद्रच. त्याच्या पोटात यंत्रांसमोर बसलेले तंत्रज्ञ आणि भाषातज्ज्ञ असतात. एकूण चोवीस जणांच्या या चमूचे नेतृत्व लेफ्टनंट शेन ऑस्बॉर्न हा २६ वर्षांचा वैमानिक करत होता. सकाळी नऊच्या सुमारास, हैनान बेटाच्या आग्नेयेस शंभरेक किलोमीटरवर, लिंगश्वेई तळावरून उडालेली दोन जे-८ लढाऊ विमाने त्याच्यापाशी आली. त्यांपैकी एक वांग वेई चालवत होता आणि दुसरे झाओ यू.

वांग वेई अमेरिकी चमूंना अनोळखी नव्हता. आधीच्या एका भेटीत त्याने काचेजवळ धरलेल्या कागदावर आपला ई-मेल पत्ता दाखवला होता आणि त्याचे छायाचित्र अमेरिकेने नंतर प्रसिद्ध केले. मला हा तपशील फार बोलका वाटतो. दोन राष्ट्रांच्या सैन्यांमध्ये तेव्हा नीट चालणारी संपर्कव्यवस्था नव्हती, आणि दोन विमानांतील माणसे मात्र एकमेकांचे चेहरे पाहू शकतील इतक्या जवळून रोज जात होती. त्या जवळिकीत धाडस दाखवण्याची, समोरच्याला चिडवण्याची आणि आपल्या तळावर नाव कमावण्याची ओढ आपोआप निर्माण होते. वरिष्ठांनी ती रोखली नाही, तर तीच हळूहळू नेहमीची रीत बनते.

अमेरिकी चमूच्या सांगण्यानुसार, वांग वेई दोनदा डाव्या पंखाजवळ काही फुटांवर आला आणि तिसऱ्या खेपेला त्याचा वेग आवरला नाही. वेगासाठी बनवलेले जे-८ मंद वेगाला नीट स्थिर राहत नाही. ईपी-३च्या गतीने उडायचे तर त्याला नाक वर करून, तोल सांभाळत उडावे लागते. त्याच्या शेपटाचा भाग ईपी-३च्या डावीकडील बाहेरच्या पंख्यात सापडला, लढाऊ विमान दुभंगले आणि त्याचा पुढचा भाग ईपी-३च्या नाकावर आदळला. नाकावरचे आवरण उडून गेले, केबिनमधील हवेचा दाब गेला आणि विमान जवळजवळ पालथे होऊन सुमारे आठ हजार फूट कोसळले. वांग वेई समुद्रात पडला आणि पुन्हा सापडला नाही.

झाओ यूने सांगितलेली हकीकत वेगळी होती. त्याच्या मते मोठे विमान एकाएकी डावीकडे वळले आणि त्याने वांग वेईच्या विमानाला धडक दिली. अमेरिकेने सांगितले की ईपी-३ त्या वेळी ऑटोपायलटवर सरळ रेषेत उडत होते. वेग, वजन आणि वळण घेण्याची क्षमता पाहता, तसेच आधीच्या महिन्यांतील वर्तन पाहता, मला अमेरिकी हकीकत अधिक पटणारी वाटते. तरीही दोन्ही देशांनी मिळून तपास केलेला नाही, आणि एका बाजूचा मुख्य साक्षीदार हयात नाही, हे विसरता येत नाही.

ऑस्बॉर्नने विमान सावरले. उडी मारण्याची तयारी करा, असा आदेश त्याने आधी दिला होता. नंतर, विमान जरा तरी हाताला येत आहे हे पाहून, सर्वांत जवळची धावपट्टी गाठण्याचे ठरवले. ती होती लिंगश्वेईची, म्हणजे ज्या तळावरून ती लढाऊ विमाने उडाली होती तीच. आंतरराष्ट्रीय संकट-वारंवारितेवर मदतीचे संदेश पाठवले गेले. उत्तर आले नाही. या पाऊण-एक तासाच्या अवधीत, म्हणजे उतरण्याआधी आणि उतरल्यानंतरही, आतल्या लोकांनी गुप्त सामग्री नष्ट करण्याचा प्रयत्न केला. कुऱ्हाडीने यंत्रे फोडली गेली, कागद फाडले गेले, काही उपकरणांवर गरम कॉफी ओतली गेली. या कामाचा पुरेसा सराव चमूला दिलेला नव्हता आणि बरीच सामग्री शाबूत राहिली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या अंतर्गत चौकशीत पुढे निघाला. वेगमापक बंद, पंखांच्या झडपा निकामी अशा स्थितीत विमान नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने धावपट्टीवर उतरले, आणि चोवीसही जण वाचले. बाहेर चिनी सैनिक बंदुका घेऊन उभे होते.

पहिला दीड दिवस

बीजिंगमधील अमेरिकी राजदूत जोसेफ प्रूहर हे स्वतः नौदलाचे माजी वैमानिक आणि प्रशांत महासागर विभागाचे माजी सरसेनापती होते. अशा प्रसंगासाठी याहून जाणकार माणूस मिळणे कठीण होते. त्यांच्या दूतावासाने त्या दिवशी चिनी परराष्ट्र मंत्रालयात आणि लष्करात फोन लावले, पण सुमारे बारा तास कोणीही अधिकारी बोलायला तयार झाला नाही. १९९८ मध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्षांमध्ये थेट दूरध्वनी व्यवस्था सुरू झाली होती. त्याच वर्षी जानेवारीत समुद्रावरील लष्करी सुरक्षेबाबत सल्लामसलतीचा करारही झाला होता. प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा या दोन्ही व्यवस्थांचा काही उपयोग झाला नाही.

याचे कारण चिनी नेत्यांची अरेरावी, असे सरसकट सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. ज्या व्यवस्थेत महत्त्वाचा निर्णय पक्षाच्या सर्वोच्च वर्तुळात सामूहिक संमतीने होतो, तिथे मधल्या अधिकाऱ्याला धोरण ठरण्याआधी फोन उचलून काही बोलणे परवडत नाही. चुकीचे बोलण्यापेक्षा न बोलणे त्याला सुरक्षित वाटते. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. काय घडले याची माहिती नेतृत्वापर्यंत येत होती ती लष्कराकडूनच, आणि जिथे आपल्याच वैमानिकाच्या बेफिकिरीचा प्रश्न आहे, तिथे हैनानच्या तळाकडून वर जाणारा अहवाल स्वतःला दोष देणारा असणे संभवत नव्हते. परराष्ट्र मंत्रालयाने त्या अहवालाच्या आधारे अमेरिकी विमान एकाएकी वळले असे जाहीर केले, आणि एकदा ते जगाला सांगितले गेल्यावर मागे घेण्याची वाट बंद झाली.

पण घाई एकाच बाजूने झाली नाही. प्रशांत महासागर विभागाचे तत्कालीन सरसेनापती ॲडमिरल डेनिस ब्लेअर यांनी हवाईमध्ये पत्रकारांसमोर सांगितले की कोण कोणावर आदळले हे उघड आहे, आणि त्याच दमात हेही सांगितले की आपण अजून चमूशी बोललेलो नाही, साध्या व्यवहारज्ञानावरून हे म्हणत आहोत. त्यांचा अंदाज बहुधा बरोबर होता. परंतु बीजिंगमध्ये त्याचा अर्थ असा लावला गेला की वैमानिक बेपत्ता असतानाही अमेरिकेला चौकशीची गरज वाटत नाही. २ एप्रिलला अध्यक्ष बुश यांनी केलेले निवेदन चमू आणि विमान त्वरित परत मागणारे होते. चीनने संपर्काला उशीर लावणे राजनैतिक रीतीला धरून नाही, असेही त्यात होते. बेपत्ता वैमानिकाच्या शोधात मदत देऊ केली गेली, पण त्याच्याबद्दल खेदाचा शब्द आला नाही. आपला माणूस मेला आणि समोरचा आधी विमान मागतो, ही चिनी वृत्तपत्रांतील भावना सरकारने भडकवली असेल. तिला कारण मात्र खरे होते.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष जियांग झेमिन यांनी सगळी जबाबदारी अमेरिकेची असल्याचे सांगत टेहळणी उड्डाणे थांबवण्याची मागणी केली. औपचारिक माफीची मागणीही पुढे आली. अशा रीतीने दीड-दोन दिवसांत दोन्ही सरकारे जाहीर वचनांत अडकली: एकाला माफी मागता येत नव्हती, कारण तिचा अर्थ दोष कबूल करणे आणि उड्डाणे बंद करणे असा झाला असता, दुसऱ्याला माफीवाचून चमू सोडता येत नव्हता.

या काळात घेतलेले काही संयमी निर्णय फारसे चर्चेत येत नाहीत, पण माझ्या मते तेच निर्णायक ठरले. आखातातून परतणाऱ्या तीन अमेरिकी विनाशिकांना हैनानच्या आसपास थांबवण्यात आले होते; त्यांना लवकरच पुढे जाण्यास सांगितले गेले. विमानवाहू नौका पाठवून दबाव आणण्याचा मार्ग बुश यांनी घेतला नाही. अमेरिकी प्रशासनाने अडकलेल्या चमूसाठी 'ओलीस' हा शब्द कटाक्षाने टाळला, संसदेतील काही सदस्य तो वापरत असतानाही. कारण तो शब्द अध्यक्षांच्या तोंडी आला असता तर बळाच्या वापराची मागणी त्यामागोमाग आली असती. चीननेही १९९९ सारखे मोर्चे होऊ दिले नाहीत; विद्यापीठांत विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरण्यापासून परावृत्त करण्यात आले. जियांग यांनी ठरलेला लॅटिन अमेरिकेचा दौरा रद्द केला नाही आणि ४ एप्रिलला ते रवाना झाले. यातून प्रकरण युद्धप्रसंगाच्या पातळीचे नाही, असा इशारा न बोलता दिला गेला.

पत्र

३ एप्रिलच्या रात्री अमेरिकी दूतावासातील लष्करी प्रतिनिधी ब्रिगेडियर जनरल नील सीलॉक यांना चमूला भेटू दिले गेले आणि सगळे सुखरूप असल्याचे कळले. त्यानंतर भाषा बदलू लागली. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी वैमानिकाच्या मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला आणि चीनचे उपपंतप्रधान छियान छीचेन यांना पत्र पाठवले. ५ एप्रिलला बुश यांनीही खेद व्यक्त केला. वांग वेईच्या पत्नीने बुश यांना रागाचे आणि दुःखाचे पत्र लिहिले होते. त्याला त्यांनी उत्तर दिले. तोवर चीनसाठी हा केवळ हवाई हद्दीचा प्रश्न उरला नव्हता, घरातला माणूस गेल्याचा प्रश्न झाला होता, आणि पॉवेल यांना ते इतरांच्या आधी उमगले असे दिसते.

प्रूहर आणि चीनचे सहायक परराष्ट्रमंत्री झोउ वेनझोंग यांच्यात मसुद्यांची देवाणघेवाण अनेक दिवस चालली. अखेर ११ एप्रिलला परराष्ट्रमंत्री तांग जियाश्वान यांच्या नावे लिहिलेले, राजदूत प्रूहर यांच्या सहीचे पत्र देण्यात आले. पत्रावर अध्यक्षांची किंवा परराष्ट्रमंत्र्यांची सही नाही, राजदूताची आहे, हे मुद्दाम केले होते. त्यात 'अतिशय दुःख' दोनदा व्यक्त झाले: एकदा चिनी जनता आणि वांग वेईचे कुटुंब यांच्या हानीबद्दल, आणि एकदा तोंडी परवानगी न घेता विमान चिनी हद्दीत शिरले व उतरले याबद्दल. टकरीबद्दल किंवा टेहळणीबद्दल मात्र असा एकही शब्द नव्हता. काय घडले याचे पूर्ण चित्र अजून स्पष्ट नाही, असे वाक्य त्यात होते. चीनने चमूची काळजी घेतली याबद्दल आभार होते. आणि १८ एप्रिलला बैठक घेऊन कारणे, पुढील प्रतिबंध आणि विमान परत देणे यांवर बोलावे असे ठरले होते. टेहळणी उड्डाणांचा विषय चीन त्या बैठकीत काढणार आहे, याची केवळ नोंद घेतली होती.

दोन्ही सरकारांनी आपापल्या जनतेला या पत्राचा वेगवेगळा अर्थ सांगितला. चीनमध्ये अमेरिकेने माफी मागितली असे छापून आले. वॉशिंग्टनमध्ये आपण माफी मागितलेली नाही असे सांगितले गेले. याला काही जणांनी शब्दच्छल म्हटले. मला ते अन्यायाचे वाटते. तथ्यांवर एकमत होणे त्या आठवड्यात अशक्य होते आणि दोष ठरवल्याशिवाय माणसे सोडायची नाहीत असा हट्ट कोणीही धरला असता तर चोवीस जण महिनोन् महिने तिथेच राहिले असते. ज्यावर एकमत होऊ शकत होते, म्हणजे एक माणूस गेला आहे आणि एक विमान परवानगीविना उतरले आहे, तेवढेच पत्रात घेतले गेले. दोन्ही विधाने खरी होती. १२ एप्रिलच्या सकाळी, 'मानवतावादी कारणांसाठी' सोडत असल्याचे चीनने जाहीर केल्यावर, चमू एका भाड्याच्या प्रवासी विमानाने हैकोऊहून ग्वामला आणि तिथून हवाईला गेला.

विमान, पैसे आणि तैवान

चमू सुटताच दोन्ही बाजूंचा स्वर पुन्हा कडक झाला. रम्सफेल्ड यांनी लगेच आधीच्या अडवणुकींची चित्रफीत दाखवली. १८ एप्रिलची बैठक कोरडी झाली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तैवानला मोठ्या शस्त्रविक्रीचा निर्णय जाहीर झाला आणि तैवानच्या रक्षणासाठी लागेल ते करू, असे बुश यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले. ७ मे रोजी टेहळणी उड्डाणे पुन्हा सुरू झाली. दुरुस्त करून उडवत नेण्याची परवानगी चीनने दिली नाही, म्हणून विमान लिंगश्वेईतच सुटे करून भाड्याच्या रशियन अँतोनोव मालवाहू विमानातून ३ जुलैला परत नेले गेले. चीनने खर्चापोटी १० लाख डॉलर मागितले, अमेरिकेने ३४,५६७ डॉलर देऊ केले, आणि चीनने ते नाकारले. वांग वेईला चीनने हुतात्मा घोषित केले. सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेचे लक्ष पार दुसरीकडे वळले, डिसेंबरमध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला, आणि हैनानचा प्रश्न बातम्यांतून दिसेनासा झाला.

न सुटलेला कायद्याचा प्रश्न

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र हा राष्ट्राचा प्रदेश. तिथे परकीय लष्करी विमानाला परवानगीविना जाता येत नाही. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र असते, जिथे मासे, तेल, वायू अशा संपत्तीवर किनारी राष्ट्राचा हक्क असतो, पण नौकानयन आणि उड्डाणाचे स्वातंत्र्य सर्वांना असते. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायदा कराराने हे ठरवले. टक्कर झाली ती या दुसऱ्या पट्ट्यावर. अमेरिकेचे म्हणणे असे की उड्डाणाच्या स्वातंत्र्यात टेहळणीही येते. चीनचे म्हणणे असे की हे स्वातंत्र्य किनारी राष्ट्राच्या हक्कांचा योग्य मान राखून वापरायचे असते आणि दारापाशी येऊन हेरगिरी करणे हा तो मान नव्हे. चीनने हा करार १९९६ मध्ये मान्य केला. अमेरिकेने तो आजवर संमत केलेला नाही, पण त्यातील नौकानयन-उड्डाणाचे नियम ती रूढीने आलेला कायदा म्हणून मानते.

भारतीय वाचकाने येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. १९९५ मध्ये हा करार मान्य करताना भारताने असे निवेदन जोडले होते की अनन्य आर्थिक क्षेत्रात परकीय राष्ट्रांनी लष्करी कवायती किंवा हालचाली करायच्या तर किनारी राष्ट्राची संमती हवी. ७ एप्रिल २०२१ रोजी 'जॉन पॉल जोन्स' या अमेरिकी विनाशिकेने लक्षद्वीपच्या पश्चिमेस सुमारे १३० सागरी मैलांवर, भारताच्या याच क्षेत्रात, संमती न मागता मोहीम केली आणि अमेरिकी आरमाराने तसे जाहीरपणे सांगितले. भारताने राजनैतिक मार्गाने आपली चिंता कळवली आणि जुन्या भूमिकेचा पुनरुच्चार केला. भारताचे म्हणणे चीनइतके व्यापक नाही, आणि त्यासाठी भारत कोणाच्याही विमानाच्या दहा फुटांवर जात नाही, हा फरक मोठा आहे. परंतु कायद्याचा हा प्रश्न 'मुक्त समुद्र विरुद्ध दंडेली' इतका सोपा नाही, हे यावरून दिसते. म्हणूनच या वादात कायदा कोणाच्या बाजूने आहे यापेक्षा, वाद कायम असताना विमाने एकमेकांपासून किती दूर राहतील, हा प्रश्न मला तातडीचा वाटतो.

या बाबतीत शीतयुद्धातील एक उदाहरण उपयोगी आहे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी मे १९७२ मध्ये समुद्रावरील घटना टाळण्याचा करार केला. त्यात कोणाचा कोणत्या समुद्रावर काय हक्क, हे ठरवले नव्हते. किती जवळ जायचे नाही, कोणते इशारे द्यायचे, एकमेकांवर तोफा रोखल्याचा आव आणायचा नाही, एवढेच व्यवहाराचे नियम होते, आणि दरवर्षी दोन्ही आरमारांचे अधिकारी भेटून आधीच्या वर्षाच्या तक्रारी एकमेकांसमोर मांडत. वैर कायम असूनही ही व्यवस्था टिकली, कारण ती खलाशांनी खलाशांसाठी केली होती. चीनने बराच काळ अशा नियमांना विरोध केला, कारण त्याच्या दृष्टीने सुरक्षित टेहळणीचे नियम करणे म्हणजे टेहळणीला मान्यता देणे. हा युक्तिवाद तर्काला धरून आहे. त्याची किंमत मात्र वांग वेईसारख्या वैमानिकांना मोजावी लागते.

२००१ आणि आजची स्थिती

मार्च २००९ मध्ये हैनानच्या दक्षिणेस 'इम्पेकेबल' या अमेरिकी टेहळणी जहाजाला चिनी बोटींनी घेरले. ऑगस्ट २०१४ मध्ये हैनानच्या पूर्वेस एका चिनी लढाऊ विमानाने अमेरिकी पी-८ टेहळणी विमानाभोवती वीस फुटांपर्यंत येऊन घिरट्या घातल्या. त्याच वर्षी हवाई आणि सागरी सामन्यांत कसे वागावे याबद्दल दोन्ही संरक्षण खात्यांमध्ये समझोता झाला, पण तो बंधनकारक नाही. अमेरिकी संरक्षण खात्याने २०२३ मध्ये जाहीर केले की आधीच्या दोन वर्षांत धोकादायक अडवणुकींचे १८० हून अधिक प्रसंग घडले होते, म्हणजे त्याआधीच्या संपूर्ण दशकापेक्षा जास्त. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेवरून उडणारा चिनी टेहळणी फुगा पाडल्यावर अमेरिकी संरक्षणमंत्र्यांचा फोन चिनी संरक्षणमंत्र्यांनी स्वीकारला नाही. बावीस वर्षांनंतरही गरजेच्या वेळी फोन लागत नव्हता.

२००१ मध्ये काही गोष्टी अनुकूल होत्या. चीनला व्यापार संघटना आणि ऑलिंपिक हवे होते. त्याचे लष्कर अमेरिकेच्या तुलनेत फारच दुबळे होते आणि त्याला ते माहीत होते. बातमी फुटल्यानंतर काही तासांचा तरी अवकाश मिळत असे आणि सरकारांना आपल्या जनतेला वेगवेगळे अर्थ सांगता येत. आज प्रूहर यांच्या पत्रासारखे पत्र लिहिले गेले तर त्याचे दोन्ही अर्थ दोन्ही देशांतील लोक मिनिटाभरात एकमेकांसमोर ठेवतील, आणि ज्या संदिग्धतेने तेव्हा वाट मोकळी केली तीच दोन्ही सरकारांवर फसवणुकीचा आरोप ठरेल. चिनी आरमार आता संख्येने जगातील सर्वांत मोठे आहे, आणि अशा प्रसंगी माघार घेण्याची किंमत चिनी नेतृत्वाला तेव्हापेक्षा जास्त वाटेल असे मानायला जागा आहे. पत्राची युक्ती पुन्हा चालेल यावर म्हणूनच मी भिस्त ठेवणार नाही. जे करायचे ते टक्कर होण्याआधी, वैमानिकांच्या पातळीवर करायला हवे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बायडेन आणि शी जिनपिंग यांच्या भेटीनंतर लष्करी संपर्क पुन्हा सुरू झाला, आणि एप्रिल २०२४ मध्ये दोन्ही देशांचे अधिकारी १९९८ च्या त्याच सल्लामसलत कराराखाली होनोलुलूमध्ये बसले. चर्चेचा विषय समुद्रावर आणि हवेत सुरक्षितपणे कसे वागावे हा होता. टेहळणी करण्याचा हक्क आहे की नाही यावर दोन्ही बाजू २००१ मध्ये होत्या तिथेच आहेत. किमान अंतर किती असावे, ते मोडणाऱ्या वैमानिकावर त्याच्याच सैन्याने कारवाई करावी की नाही, आणि अपघात झाल्यास पहिल्या तासात कोणी कोणाला फोन करायचा, या तीन गोष्टी बंधनकारक स्वरूपात लिहून काढणे अजून बाकी आहे.